दोनशे चौदा

पहाटे सव्वापाचला घणसोलीच्या खाडीवरून येणारा वारा
खारट असतो. जिभेवर बसतो, बोल्टवर त्याहून जास्त.
मी लांब दांड्याची हातोडी घेऊन जिना चढते.
एकशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या. मोजायच्या नसतात, मोजल्या जातात.

ओगावारा सान उभारणीच्या वेळी चार महिने इथे होते.
डबा आमच्यातच खायचे, सुकटीला कधी नाक मुरडलं नाही.
मराठी शब्द एकच शिकले: परत.
बोल्ट आवळला? परत.
बघितलास? परत. बोट दाखव, तोंडाने म्हण.
डोळा एकटा असला की थापा मारतो,
बोट आणि तोंड सोबत असली की लाजतो.
(ते जपानीत काहीतरी म्हणाले होते.
दुभाष्याचं वाक्य मी विसरले, हे माझं आहे.)

म्हणून रोज उंचावर एकटीच बोट रोखून ओरडते,
एकशे बारा, ठीक!
एकशे तेरा, ठीक!
खाली झाडणारा केरबा पहिल्या दिवशी झाडू टाकून पळाला,
त्याला वाटलं मला वारं आलं.

हातोडी मारायची, ऐकायचं.
चांगला बोल्ट टणकन बोलतो.
आई कुंभाराकडे मडकं असंच घ्यायची, टिचकी मारून, कान लावून,
आणि मी कंटाळून तिचा पदर ओढायचे.

चाकं तीन जातींची. वर धावणारी, बाजूने रेटणारी,
आणि रुळाला खालून धरून राहणारी, जी फोटोत येत नाहीत.
चढावर टकटकटक वाजतं त्याने लोकांच्या पोटात गोळा येतो.
ती दातऱ्या पट्टीवर पडत जाणारी खुट्टी.
साखळी तुटली तरी गाडी मागे यायची नाही.
तो आवाज थांबला तर घाबरा.

आणि ब्रेक कायम मिटलेलेच.
उघडायला हवेचा दाब लागतो.
वीज गेली, नळी फुटली, चालवणारा चक्कर येऊन पडला,
तरी ते आपले मिटतात.
मला समजायला वेळ लागला:
धरणं फुकट, सोडायला कष्ट.

बाबांचं उलटं होतं.
जत्रेत लाकडी पाळणा फिरवायचे, बोनकोडे, शिरवणे, कधी उरणपर्यंत.
चार पेट्या, एक आस, काथ्याचा दोर,
ब्रेक म्हणजे त्यांची छाती.
येणारी पेटी अंगावर घ्यायची, दोन पावलं घसरायचं, थांबवायची.
डाव्या खांद्याचं हाड अजून वर आहे.
मॅन्युअल एका ओळीचं:
"आस कुरकुरला का समजाचा, त्याल मांगतं."

मेच्या शेवटच्या रविवारी दोनशे चौदा बोलला नाही.
म्हणजे बोलला, पण गाल सुजल्यासारखा.
परत मारली. परत.
बोट वर, तोंड उघडं, आणि "ठीक" बाहेर येईना.

फाटकाशी पनवेलच्या तीन बस लागल्या होत्या,
कुणाचा तरी वाढदिवस होता, केक उन्हात पाघळत होता.
भाटकर साहेब म्हणाले, एक बोल्ट? एवढ्या शेकड्यांतला एक?
म्हटलं, सर, बोट खाली येत नाहीये.

दुपारी दोनपर्यंत गाडी बंद.
आट्यांत तांबूस पूड निघाली, आणि केसाएवढी रेघ.
रेघ होती की ओरखडा,
तपासणीला पाठवूनही शेवटपर्यंत कळलं नाही.
पगारातून काही कापलं नाही, पण भाटकर साहेब
आठवडाभर चहाला हाक मारत नव्हते.
नवा बोल्ट बसवला. वाळूच्या पोत्यांवर दांडे आवळून तीन फेऱ्या काढल्या.
पोती ओरडली नाहीत, तेवढं विचित्र वाटलं.

संध्याकाळी बाबांना आणलं. बस म्हटलं, बसले नाहीत.
"याला थांबवतं कोण?"
ब्रेकच्या पट्ट्या दाखवल्या. वाकून बघत राहिले,
जसं दुसऱ्याच्या घरातलं सामान बघावं.
मग खांबाच्या बुडाशी गेले, पेराने दोनदा ठोकलं.
वरून चोवीस जण मेलो मेलो करत गेले,
हसत उतरले, आपापल्या चपला शोधायला लागले.

बाबांचा कान अजून खांबालाच होता.